अकराशे त्रेचाळीस वाक्यं आणि एक

८ फेब्रुवारी, रविवार

शेवट फसला!

नऊ जणांना गेम खेळून बघायला दिला होता. सातांनी तेच लिहिलं – तिकीटवाली शेवटच्या दृश्यात काहीच बोलत नाही, हे पटत नाही. बगळ्याने सगळ्यांचं सार एका ओळीत पाठवलं : "अडीच वर्षं रांधलं आणि मीठच विसरलो गं."

बगळा म्हणजे आमचा चित्रकार. दुसऱ्या शहरात असतो, प्रत्यक्षात दोनदाच भेटलाय. दोन्ही वेळा एका पायावर भार देऊन उभा होता. चित्रं त्याची, कथा आणि प्रोग्राम माझा, आवाज वहिनीचा. तिघांत मिळून एक व्हिज्युअल नॉव्हेल. पडद्यावर चित्र, खाली मजकुराची चौकट आणि मधूनमधून वाचणाऱ्याने निवड करायची – बोटीत चढायचं की धक्क्यावर थांबायचं. दादा एकदा म्हणाला होता, "कादंबरीच आहे ना? मग पानं उलटायची सोडून बटणं कसली दाबायची?" गेल्या दोन वर्षांत माझ्या कामाबद्दल तो बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

शेवटचं दृश्य असं : तळ्यावरच्या बोटीची तिकिटं फाडणारी ती गाव सोडून गेली आहे. तिकिटाच्या खिडकीला फळी लावलेली. वाचणारा तिथे उभा असतो, फोन वाजतो, पलीकडे तीच असते – आणि गप्प असते. मला ते आवडलं होतं. सातांना आवडलं नाही. नवांतले सात! आकड्यांशी मी भांडत नाही. एक वाक्य हवं. लिहिलं :

"मला परत यायचंय."

अडचण एकच. ऑक्टोबरपासून वहिनी या घरात नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीला निरोप पाठवला. वाक्य, दृश्य, भाव – नेहमीसारखं सगळं लिहून. वीस मिनिटांत उत्तर आलं.

"बाकी काहीही म्हणेन गं. दहा दे, शंभर दे. हे नाही."

मी लिहिलं, हे पात्राचं वाक्य आहे, तुझं नाही.

वाचलं. उत्तर नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

उत्तर नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आई दुपारी विचारत होती, "तुझं ते कपाटातलं बोलणं बंद झालं वाटतं?"

दादाचं कपाट. घरात सगळ्यात शांत जागा तीच – तीन बाजूंनी जाड कोट, चौथ्या बाजूला गादी टेकवायची. आत वहिनी स्टुलावर, कोटांच्या मधोमध मायक्रोफोन, बाहेर मी कानांवर हेडफोन चढवून. शनिवारी दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा खालची वर्दळ कमी असते. चौदा महिने. एकूण वाक्यं अकराशे त्रेचाळीस.

वहिनी घरात आली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर जपानी मालिका आवाज बंद करून बघायचे – आईला तो कलकलाट खपायचा नाही. खालची अक्षरं वाचायची, बस. दादा म्हणायचा, "बसली आपली मोठ्या डोळ्यांची मंडळी घेऊन." वहिनी मात्र शेजारी येऊन बसली. लग्नाला जेमतेम आठवडा झाला असेल. थोडा वेळ बघून म्हणाली, "एवढाले डोळे हिचे, आणि समोर उभा असलेला मुलगा हिला दिसत नाही होय?" मग तिने पडद्यावरच्या त्या मुलीच्या जागी बोलायला सुरुवात केली. ओठ हलले की ही बोलणार. काहीही! "अगं बाई, दूध उतू गेलं वाटतं." मी इतकी हसले की आई आतून बाहेर आली.

तिकडे हौशी लोक पाच-सहा जण जमवून असे गेम घरी बनवतात, त्याला डोजिन म्हणतात, आणि आवाज देणाऱ्याला सेइयू – हे तिला मीच सांगितलं. पुढे तिने सगळ्या घराला सांगितलं : "आता मला भांडी सांगू नका. मी सेइयू आहे." श्रेयनामावलीत नाव काय टाकू विचारलं तर म्हणाली, "नुसतं वहिनी टाक. नाहीतरी या घरात दुसऱ्या नावाने मला कोण हाक मारतं?"

हे मी तेव्हा विनोद म्हणून लिहून ठेवलं होतं. जुन्या वहीत सापडलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

केलं.

तसं सोपं होतं. "मला" – तिसऱ्या दृश्यातून. ("मला काय विचारता, पाटी वाचा.") "परत" – अकराव्यातून. ("तिकीट परत होणार नाही!") "यायचंय" सगळ्यात अवघड, कारण ते सहाव्या दृश्यात ओरडून म्हटलेलं आहे. ("अजून कुणाला यायचंय पलीकडे?") आवाजाची पट्टी उतरवली, वेग कमी केला, शेवटचा स्वर थोडा लांबवला. दोन जोड. पहिल्या जोडात चाळीस मिलिसेकंदांची शांतता, दुसऱ्यात पासष्ट. एकूण दोन पूर्णांक एक सेकंद.

अकरा वेळा ऐकलं. शिवण कुठेच लागत नाही.

बगळ्याला पाठवलं. त्याचं उत्तर : "अंगावर काटा!! वहिनींना माझा साष्टांग नमस्कार सांग."

मी लिहिलं – सांगते.

२२ फेब्रुवारी, रविवार

स्वतःशी हिशोब मांडून पाहिला. आवाज तिने स्वखुशीने दिला होता. तिन्ही शब्द तिचेच. रेकॉर्डिंग माझं. पात्र माझं. बगळा स्वतः काढलेला हात चुकीचा वाटला की मनगट बदलतो; मी वाक्य बदललं.

ती "नाही" म्हणाली होती, हे या मांडणीत कुठे बसवायचं ते कळलं नाही. सोडून दिलं.

१ मार्च, रविवार

गेम प्रसिद्ध केला. सकाळी दहा वाजता बटण दाबलं. बगळा तिकडे, मी इकडे, दोघं फोनवर. मग तो म्हणाला, "बरं, मी आता आंघोळ करतो."

८ मार्च, रविवार

चारशे बारा जणांनी उतरवून घेतला. अपेक्षा शंभराची होती. एकोणतीस अभिप्राय, त्यातल्या बावीसांत आवाजाचा उल्लेख. एकीने लिहिलंय – शेवटचं वाक्य ऐकून मी फोन उचलला आणि बहिणीशी बोलले.

बावीस अभिप्राय वहिनीला पाठवावेत म्हणून एकत्र केले. पाठवले नाहीत.

९ मार्च, सोमवार

ऑफिसात दिवसभर लिफ्टच्या दाराचा प्रोग्राम. आमच्या चाचणीच्या खोलीत लिफ्ट नाही, नुसतं दार आहे – उघडलं की मागे भिंत. दार चार दशांश सेकंद लवकर मिटत होतं. साहेब येऊन म्हणाले, "चार दशांश कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, "बोट अडकेल त्याला." चूक सापडली. माझीच होती, डिसेंबरातली.

१५ मार्च, रविवार

दादा गेम खेळतोय!

दुपारी बाहेरून आले तर हा दिवाणखान्यातल्या जुन्या लॅपटॉपपुढे. पाठ माझ्याकडे. कानांवर माझे हेडफोन, उलटे लावलेले – डावा उजवीकडे. पडद्यावर दुसरं दृश्य, तिकीटवाली एका म्हाताऱ्याशी हुज्जत घालत होती. दादा प्रत्येक ओळ संपेपर्यंत थांबत होता. बाकीचे सगळे वाचून झालं की आवाज तोडून पुढे जातात. हा नाही.

मी तशीच मागे फिरले. स्वयंपाकघरात आई हळूच म्हणाली, "सकाळपासून बसलाय. बोलू नकोस काही. तिचा आवाज ऐकतोय बिचारा."

मी तोपर्यंत हे गृहीतच धरलं नव्हतं की तो खेळेल. चारशे बारा माणसांचा विचार केला, एकाचा नाही.

१७ मार्च, मंगळवार

दादा पाणीपुरवठ्यात मीटर तपासतो. दिवसाला ऐंशी-नव्वद घरं. दार वाजवायचं, आकडा लिहायचा, पुढे. घरी आला की त्याच्याकडे शब्द उरत नाहीत असं आई म्हणते. वहिनी म्हणायची, "शब्द होते कधी?" – हसत म्हणायची. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला त्याचं एकच उत्तर, "हं." भाजी बरी झालीय? हं. सिनेमाला जायचं? हं. मग जायचं नाहीच.

मारणं नाही, ओरडणं नाही, व्यसन नाही. आई ऑक्टोबरपासून भेटेल त्याला हेच सांगतेय. "माझ्या मुलात खोट काय ते तरी सांगा!" खोट दाखवता येत नाही, हेच तर.

१९ मार्च, गुरुवार

हे लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

मागच्या ओळी पुन्हा बघायच्या असतील तर गेममध्ये एक यादी उघडते, प्रत्येक ओळीपुढे छोटा कर्णा. तो दाबला की ते वाक्य पुन्हा ऐकू येतं. चाचणीच्या वेळी मी एक मोजणी बसवली होती : कुठलं वाक्य किती वेळा ऐकलं. ती फाइल त्या-त्या संगणकावरच राहते, कुठे जात नाही. प्रसिद्ध करताना काढायची राहिली.

आज जुना लॅपटॉप साफ करायला घेतला आणि ती फाइल उघडली. उघडायचं काहीच कारण नव्हतं.

बहुतेक वाक्यांपुढे शून्य. काहींपुढे एक, दोन. "तिकीट परत होणार नाही!"पुढे तीन.

शेवटच्या वाक्यापुढे एकसष्ट.

२० मार्च, शुक्रवार

एकसष्ट.

२२ मार्च, रविवार

दादाने सकाळी दाढी केली. स्वतः शर्टाला इस्त्री केली – कॉलर आधी, मग बाह्या, वहिनी करायची त्याच क्रमाने. आई म्हणाली, "कुणाचं लग्न आहे रे?" तर म्हणाला, "जरा जाऊन येतो." आई माझ्याकडे बघायला लागली. तिचा चेहरा असा उजळला होता! दार लागल्याबरोबर माझा दंड धरून म्हणाली, "तिच्याकडेच गेला. मला कळतं. तुझ्या त्या खेळाला कधी नावं ठेवली असतील तर विसर गं बाई."

तेव्हा सांगायला हवं होतं. दार लागलं होतं, पण जिना आहे, तीन मजले आहेत, तो हळू उतरतो. खिडकीतून हाक मारली असती तरी चाललं असतं. मी खिडकीपर्यंत गेले. तो खाली स्कूटरवरची धूळ रुमालाने पुसत होता. स्कूटर सुरू झाली, गेली.

साडेतीन तासांनी आला. शर्ट बदलला, जेवला. आईने विचारलं, "भेटली?"

"हं."

"काय म्हणाली?"

"बघू."

२४ मार्च, मंगळवार

वहिनीचा निरोप, फेब्रुवारीनंतर पहिला : "तुझा दादा आला होता. गेममध्ये मी शेवटी काय म्हणते ते त्याने सांगितलं. मी हे कधी म्हटलं?"

दिवसभरात सहा उत्तरं लिहिली आणि सहाही खोडली. शेवटी लिहिलं – रविवारी येऊ का?

"दुकानात ये. अकराला गर्दी नसते."

२९ मार्च, रविवार

वहिनी आता चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांना खुर्चीत बसवायचं, डोळ्यांवर चाचणीची चौकट चढवायची, एकेक काच बदलत विचारायचं – आता बरं दिसतं की मघाशी? हे ती काय सुंदर विचारते! मी दाराशी उभी राहून ऐकत होते. आजोबा दरवेळी म्हणत, "दोन्ही सारखंच." ती दरवेळी न कंटाळता, "बरं, मग आता?"

मला बघून म्हणाली, "या नणंदबाई." केस कापलेत. बरी दिसते. तेही तिला सांगायचं राहिलं.

आजोबा गेल्यावर आतल्या खोलीत बसलो. मी आधीच ठरवून गेले होते, सरळ सांगितलं : तीन दृश्यांतले तीन शब्द, दोन जोड. ती ऐकत राहिली.

"कुठले शब्द कुठून?"

सांगितलं.

"तिकीट परत होणार नाही – त्यातला परत?" ती फस्सकन हसली. "आणि ते यायचंय तर मी भाजीवालीसारखी ओरडले होते!"

मीही हसले. मला वाटलं, संपलं. मग तिने टेबलावरच्या काचा एकेक करून पेटीत लावायला घेतल्या. मधेच, मान वर न करता म्हणाली,

"आवाज दिला होता तुला. तोंड नव्हतं दिलं."

मी काहीतरी तांत्रिक बोलायला लागले होते – हे वाक्य दोनच सेकंदांचं आहे वगैरे. तिने बोलू दिलं. मग म्हणाली, "चौदा महिने तू मला सांगत होतीस – वहिनी, जे मनापासून म्हणता येणार नाही ते म्हणू नकोस, ऐकणाऱ्याला कळतं. आठवतं? म्हणून तर नाही म्हटलं होतं. मला ते म्हणताच आलं नसतं."

दादाबद्दल विचारलं. काय बोलला? काय म्हणालीस त्याला? "ते त्याला विचार. मी नाही सांगणार." मी म्हटलं, वहिनी, तो ते खरं समजून आला होता. ती पुढची काच पेटीत लावत राहिली.

"आवाज काढून टाकू? ते वाक्य? की सगळाच?"

"तुला योग्य वाटेल ते कर."

"तुला काय हवंय?"

"माझं काय. तू ठरव."

बाहेर घंटी वाजली, गिऱ्हाईक आलं. ती उठली. जाता जाता माझा चष्मा काढून तिच्या ओढणीने पुसला, परत माझ्या नाकावर ठेवला. "किती घाण ठेवतेस काचा. दिसतं तरी का?"

३० मार्च, सोमवार

शेवटच्या वाक्यातला आवाज काढला. नवी आवृत्ती टाकली. आता तिथे फक्त अक्षरं येतात. कारण लिहिलं : "ध्वनीतील चूक दुरुस्त केली."

बगळ्याचा फोन. "डोकं ठिकाणावर आहे ना? तेच तर सोनं होतं!"

खरं ते सांगितलं. मग म्हणाला, "मी साष्टांग नमस्कार सांगितला होता. तो पोचवलाच नाहीस तर."

५ एप्रिल, रविवार

दादाला अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवते. तो आता गेम उघडत नाही, लॅपटॉपवर धूळ आहे. दोनदा गॅलरीत जाऊन फोनवर हळू आवाजात बोलला. आई सगळं जुळून आल्यासारखी खूश. काल तिने कपाटातले त्याचे कोट एका बाजूला सारून निम्मी जागा मोकळी केली. "लागेल तिला," म्हणाली. मी मदत केली! हँगर हातात देत होते.

आणखी एक आहे. हे इथेही कधी लिहिलं नाही.

गेल्या वर्षी सतरा जूनच्या... नाही, तो मंगळवार होता. चौदा जून, शनिवार. रेकॉर्डिंग चालू असताना दारावर कुणी आलं, मी हेडफोन काढून बाहेर गेले. यंत्र चालूच होतं. संध्याकाळी वाक्यं कापायला बसले तेव्हा मधला तुकडा लागला. वहिनी कपाटात एकटी बोलत होती. कुणाशी नाही, हळू, थकलेली. "इथे बरं आहे. इथे बोललेलं साठवतात तरी." थोडं थांबून, "अजून किती वर्षं अशी काढायची, बाई." मग पुन्हा तिकीटवालीचं वाक्य, तीन वेगवेगळ्या प्रकारे, सरावासाठी.

मी ते दोनदा ऐकलं. पहिल्यांदा काय आहे ते कळावं म्हणून. दुसऱ्यांदा कुठून कुठवर कापायचं ते ठरवायला. माझ्या कामाच्या वहीत नोंद आहे, माझ्याच अक्षरात : १४:३२ ते १५:१० – अनावश्यक. काढलं. मूळ फाइलसुद्धा पुढे जागा हवी म्हणून पुसली.

अडतीस सेकंद. त्यानंतर चार महिने ती या घरात होती. रोज सकाळी मला डबा देत होती. मी एकदाही विचारलं नाही.

ऑक्टोबरात ती गेली तेव्हा आई म्हणाली, "कुणाला काही कळूच दिलं नाही गं तिने!" मी मान डोलावली होती.

८ एप्रिल, बुधवार

साहेबांनी कौतुक केलं. दार आता बरोबर मिटतं.

१२ एप्रिल, रविवार

सांगितलं.

दादा बाथरूममधला गळका नळ खोलून बसला होता. मी दारात उभी. आधी म्हटलं, मदत करू? "पाना दे." दिला. मग एका दमात सगळं. वहिनी नको म्हणाली होती, मी जोडून केलं, तिने ते कधीच म्हटलेलं नाही, तू उगाच गेलास, चूक माझी. जूनमधलं कपाटातलंही सांगितलं. एकसष्टचं मात्र नाही सांगितलं. ते मला माहीत आहे हे त्याला कळायला नको.

तो नळाचा वायसर बोटांत धरून बघत होता. झिजलेला होता.

"हं," म्हणाला.

मी वाट बघितली. ओरडेल, पाना फेकेल – काहीतरी!

"नवा आणायला लागेल," म्हणाला. "आईला सांग, पाणी तासभर बंद आहे."

१३ एप्रिल, सोमवार

नळ गळत नाही. दादा बोलत नाही. म्हणजे नेहमीसारखंच, पण मला आता फरक करता येत नाही.

आई म्हणते, "तुम्हा दोघा भावंडांना झालंय काय? घर आहे की वाचनालय?"

१६ एप्रिल, गुरुवार

वहिनीला लिहिलं : दादाला सगळं सांगितलं.

तिचं उत्तर : "कळलं. काल त्याच्याशी बोलणं झालं."

काल?

१९ एप्रिल, रविवार

आई देवळात गेलेली. दादाने चहा केला, दोन कप. टेबलावर कागद होते.

म्हणाला, "ते वाक्य जोडलेलं आहे हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं होतं."

कसं, विचारलं.

"नऊ वर्षं झाली. मला हे हवंय, असं ती एकदाही म्हणाली नाही. मी विचारलंही नाही कधी. म्हणून ऐकत बसलो – म्हणाली असती तर कसं ऐकू आलं असतं."

मग म्हणाला, तो तिला आणायला गेलाच नव्हता. तिला काय हवंय, हे विचारायला गेला होता. तिला त्या दिवशी सांगता आलं नाही. बुधवारी सांगितलं.

कागद दोघांच्या संमतीने घटस्फोटाचे आहेत. तिची सही होती, त्याचीही झाली होती. शाई अजून ओली वाटत होती, मी हात लावला नाही.

"आणि गेममधला आवाज काढ म्हणाली. सगळा."

अकराशे त्रेचाळीस. दुपारपर्यंत काढून झाला. दादा शेजारी बसला होता, मधेच म्हणाला, "बगळ्याला तू सांगशील की मी सांगू?"